मुक्कामी गाडीचं गणित : क्रूझवरून बंदरात आपापलं फिरायला उतरताना

मी तेहतीस वर्षं एसटीत काढली. सुरुवातीला वाहक होतो, शेवटची चौदा वर्षं दारव्हा आगारात वाहतूक नियंत्रक. खिडकीत बसून माईकवर गाड्या पुकारायच्या, सुटल्याची वेळ रजिस्टरात लिहायची आणि उशिरा पोचलेल्या माणसाचं बोलणं ऐकून घ्यायचं, हे माझं काम. संध्याकाळी खेड्यावर मुक्कामाला जाणारी गाडी फाटकाबाहेर पडावी आणि मागून कोणीतरी पिशवी सावरत धावत यावं, तेव्हा त्या माणसाचा चेहरा कसा होतो हे मी शेकडो वेळा पाहिलं आहे.

गेल्या फेब्रुवारीत, तूर घरात आल्यावर, मी, आमच्या सौ., दिग्रसचे साडभाऊ आणि मेव्हणी असे चौघं सिंगापूर–पेनांग–फुकेत–सिंगापूर अशा क्रूझवर गेलो. पुण्याच्या मुलानं तिकिटं काढली होती. फुकेतच्या किनाऱ्यावर तोच चेहरा मला साडभाऊंच्या तोंडावर दिसला. आता आमच्या तालुक्यातून दिवाळीनंतर दोन गट निघत आहेत आणि लोक ओट्यावर विचारायला येतात. विचारतात काय, तर जेवण कसं असते, उलट्या होतात का, साडी चालते का. बंदरावर उतरायचं कसं आणि परत चढायचं कसं, हे कोणी विचारत नाही. म्हणून हे लिहून काढतो आहे.

जहाज एका बंदरात सात-आठ तास थांबतं. उतरायचे दोन मार्ग. एक, जहाजाच्या कंपनीनंच विकलेली सहल. तिची बस धक्क्यावरून नेते आणि धक्क्यावर आणून सोडते. दुसरा, आपापलं. पायी, बसनं, टॅक्सीनं, नाहीतर बाहेरच्या एखाद्या गाइडला धरून. कंपनीची सहल बरीच महाग पडते. पण तिच्यात एक गोष्ट विकत मिळते: ती बस उशिरा आली तर जहाज थांबतं, किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी कंपनी घेते. आपापलं गेलेल्या माणसासाठी जहाज थांबत नाही. बाहेरचे काही सहलवाले ‘वेळेत जहाजावर पोचवण्याची हमी’ लिहितात. त्याचा अर्थ नीट वाचा. जहाज सुटलं तर पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च ते देणार, एवढाच त्याचा अर्थ असतो. जहाज थांबवायची ताकद त्यांच्यात नसते.

आमच्या दारव्ह्यावरून यवतमाळ–मूर्तिजापूर शकुंतला रेल्वे जायची. धुऱ्यावरून कोणी हात दाखवत येताना दिसला तर गाडी हळू व्हायची, असं जुने लोक सांगतात. आपल्या मनात ती सवय कुठंतरी बसलेली आहे, की धावत गेलं तर थांबतील. जहाजाचं तसं नाही, आणि त्यात कॅप्टनचा कठोरपणाही नाही. धक्क्यावरची जागा तासांच्या हिशोबानं घेतलेली असते. जहाजाला बंदरातून बाहेर काढणारा पायलट ठरल्या वेळी चढतो. काही बंदरांत भरती-ओहोटी सांभाळावी लागते. पुढच्या बंदरात पोचायची वेळ बांधलेली असते. इथं उशीर केला तर रात्रभर वेग वाढवून इंधन जाळावं लागतं. दोन-तीन हजार माणसं वर बसलेली असतात आणि दोघांसाठी हे सगळं हलवता येत नाही.

मार्च २०२४ मध्ये पश्चिम आफ्रिकेजवळच्या साओ टोमे बेटावर एका मोठ्या क्रूझचे आठ प्रवासी असेच मागं राहिले. खाजगी सहलीला गेले होते आणि परतायला उशीर झाला. जहाज समोर नांगरलेलं होतं, पण वर घेतलं गेलं नाही. पुढच्या बंदरात गाठावं म्हणून ते गांबियापर्यंत गेले. तिथं हवामान आणि भरती-ओहोटीच्या अडचणीमुळं जहाज धक्क्याला लागूच शकलं नाही. शेवटी सेनेगलच्या डकारला ते जहाजावर चढले. त्यांच्यात म्हातारी माणसं होती, कोणाची औषधं जहाजावर राहिली होती. जगभर बातमी झाली ती. पुष्कळ लोक कंपनीवर चिडले. मी ती बातमी वाचली तेव्हा मला आमच्या फलाटावरची माणसं आठवली, आणि वाटलं की नियम आधी माहीत असते तर त्या आठ जणांनी सहल दोन तास आधी उरकली असती.

मग आपापलं जायचंच नाही का? जायचं. जरूर जायचं. काचेच्या बसमधून शहर पाहणं वेगळं आणि स्वतःच्या पायानं गल्लीत शिरणं वेगळं. फक्त बंदर पाहून ठरवायचं. मी नकाशा घेऊन एकच प्रश्न विचारतो: धक्का गावात आहे की गावाबाहेर? पेनांगचा स्वेटनहॅम धक्का थेट जॉर्ज टाऊन शहरातच आहे. खाली उतरलं की गाव सुरू. तिथं आपापलं जायला काही हरकत नाही. उलट कार्यक्रमपत्रिकेत ‘बँकॉक’ लिहिलेलं असतं, पण मोठी जहाजं बरेचदा लाम चाबांगला लागतात आणि तिथून बँकॉक सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. ‘क्वालालंपूर’ लिहिलेलं असतं, जहाज लागतं पोर्ट क्लांगला. तिथूनही एका बाजूचा तास-दीड तास जातो. ‘रोम’चं बंदर चिवितावेक्किया ऐंशी किलोमीटरवर. अशा ठिकाणी दूरचं पाहायचं असेल तर कंपनीचीच सहल घ्या, पैसे मोजा आणि निवांत राहा. नाहीतर बंदराच्या गावातच फिरा. आपल्याला दारव्ह्याहून यवतमाळ चाळीस किलोमीटर, पण रस्त्यात लग्नाची वरात निघाली की किती वेळ लागतो हे माहीत आहे. परदेशातही रस्ते तुंबतात.

आता वेळेचं. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रोज रात्री खोलीत दुसऱ्या दिवसाचं पत्रक येतं, किंवा जहाजाच्या अ‍ॅपवर दिसतं. त्यात वेळेचे तीन आकडे शोधा. जहाज सुटायची वेळ, परत चढायची शेवटची वेळ (ही सुटण्याच्या अर्धा तास ते तासभर आधी असते), आणि जिथं छोट्या बोटीनं किनाऱ्यावर नेतात तिथं शेवटच्या बोटीची वेळ. आपल्या कामाची वेळ यातली सगळ्यात आधीची. सुटायची वेळ तर विसरूनच जा. ती डोक्यात ठेवणाराच उशिरा पोचतो.

मग प्रश्न येतो, ही वेळ कोणत्या घड्याळातली? जहाजाचं स्वतःचं घड्याळ असतं. सिंगापूर आणि मलेशिया भारताच्या अडीच तास पुढं आहेत. थायलंड दीड तास पुढं. म्हणजे पेनांगहून फुकेतला गेलो की स्थानिक घड्याळ एक तास मागं येतं. काही जहाजं त्या रात्री आपलं घड्याळ बदलतात, काही बदलत नाहीत. आमच्या जहाजानं बदललं नाही. ते सिंगापूरच्या वेळेवरच चाललं. पण मोबाइलला हे कोण सांगणार? तो किनाऱ्यावरचा टॉवर पकडतो आणि गुपचूप फुकेतची वेळ दाखवायला लागतो. जहाजात पाच वाजलेले असतात आणि मोबाइल चार दाखवत असतो.

म्हणून माझा नियम असा: प्रत्येक जोडीत एक मनगटी घड्याळ, आणि ते जहाजाच्या वेळेला लावलेलं. जहाजावर रिसेप्शनपाशी जी वेळ दिसते तीच. माझ्याकडं एचएमटीचं जुनं चावीचं ‘जनता’ आहे. सकाळी चावी दिली, रिसेप्शनच्या घड्याळाशी मिळवलं, की दिवसभर त्याला कोणताही टॉवर हलवू शकत नाही. घड्याळ नसेल तर मोबाइलच्या सेटिंगमध्ये तारीख-वेळ ‘आपोआप’ घेणं बंद करा आणि वेळ हातानं लावा. खुल्या समुद्रात मोबाइल एअरप्लेन मोडवर ठेवा, नाहीतर तो जहाजाचं महागडं नेटवर्क पकडतो आणि घरी आल्यावर बिल येतं.

वेळ कळली की उलटं गणित मांडायचं. आम्ही डेपोत गाडीचं शेड्यूल असंच बांधायचो. पोचायची वेळ आधी, निघायची वेळ तिच्यावरून. फुकेतचं माझं शेड्यूल सांगतो, सगळं जहाजाच्या वेळेनं. जहाज सुटणार सहाला. शेवटची बोट पाचला. शेवटच्या बोटीला सगळ्यांचीच गर्दी होते, रांग उन्हात असते, म्हणून आपण रांगेत चारला. त्यासाठी किनाऱ्यावर जिथून बोटीत चढवतात त्या जहाजाच्या मंडपापाशी जमायचं पावणेचारला. फुकेतचं जुनं शहर पातोंगच्या किनाऱ्यापासून पंधराएक किलोमीटर आणि मधे टेकडीचा चढाचा रस्ता, तिथं गाड्या तुंबतात; दीड तास धरायचा. म्हणजे जुन्या शहरातून सव्वादोनला निघालंच पाहिजे. आणि आम्ही किनाऱ्यावर उतरलोच बारा वाजता. जायला तास-दीड तास, यायला दीड तास, हातात राहिले तास-पाऊण तास. तिथंच ठरलं, जुनं शहर रद्द, पातोंगलाच राहायचं. मेव्हणीला वाईट वाटलं. मलाही वाटलं; त्या जुन्या शहरातली रंगीत घरं मला पाहायची होती. पण कागदावर आकडे मांडल्यावर वाद उरत नाही.

जमिनीवर पाय ठेवण्याआधी जवळ काय असावं हे पाहा. जहाजाचं कार्ड (खोलीची चावीही तेच) गळ्यात किंवा आतल्या खिशात. ते स्कॅन झाल्याशिवाय उतरता येत नाही आणि चढताही येत नाही. आमच्या जहाजानं पासपोर्ट चढतानाच ठेवून घेतले आणि पावती दिली. काही जहाजं प्रवाशाकडंच ठेवतात, काही बंदरांत तो जवळ बाळगावाच लागतो. त्या त्या दिवशी पत्रकात काय लिहिलं आहे ते वाचा, कळलं नाही तर रिसेप्शनला विचारा. काहीही असो, पासपोर्टच्या पहिल्या-शेवटच्या पानाची आणि व्हिसाची छायाप्रत प्रत्येकाच्या खिशात वेगवेगळी हवी. एकाच्याच पिशवीत चौघांची नको. आणि हा पासपोर्ट किंवा त्याची पावती दुकानदाराकडं, स्कूटरवाल्याकडं, जेट-स्कीवाल्याकडं कधीही गहाण ठेवायची नाही. पातोंगला आमच्यासमोर एका पोराला मागितला होता. जिथं पासपोर्ट मागतात तिथून पुढं चालायला लागायचं.

घरून निघण्याआधीची एक गोष्ट इथंच सांगतो. सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतायचं असेल तर तुम्ही त्या देशात दोनदा शिरता. व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, हे कागदावर बोट ठेवून पाहा. सिंगापूर, मलेशिया, थायलंड तिघांचीही प्रवेशाची डिजिटल कार्डं आहेत, सरकारी संकेतस्थळावर ती फुकट भरली जातात. पैसे मागणारं पान उघडलं तर ते तोतया समजा. क्रूझच्या प्रवाशाला यातलं कोणतं लागतं, हे एजंटकडून लेखी घ्या. तोंडी ‘होऊन जाईन’ चालत नाही.

मी एक चिठ्ठी केली होती, वाहकाच्या हिशोबाचं जुनं वेबिल असायचं त्याच्या कागदाएवढी. तिच्यावर जहाजाचं नाव, धक्क्याचं नाव, चढायची शेवटची वेळ आणि ‘जहाजाच्या वेळेनं’ हे शब्द, आणि बंदरातल्या एजंटचा फोन नंबर. हा एजंट म्हणजे त्या बंदरात जहाजाच्या कंपनीचं काम पाहणारा माणूस. त्याचा नंबर रोजच्या पत्रकात असतो आणि बहुतेक लोक तो वाचतही नाहीत. फुकेतसाठी रिसेप्शनच्या मुलीकडून धक्क्याचं नाव थाई अक्षरांत लिहून घेतलं. टॅक्सीवाल्याला इंग्रजी येत नसलं तर तो कागद दाखवायचा. खोलीचा नंबर मात्र चिठ्ठीवर लिहू नका. कार्ड आणि चिठ्ठी एकत्र हरवली तर खोली उघडी पडते.

औषधं. बीपी, शुगरच्या गोळ्या त्या दिवसाच्या आणि आणखी दोन दिवसांच्या, डॉक्टरच्या चिठ्ठीसह, अंगावरच्या पिशवीत. साओ टोमेची गोष्ट वाचल्यावर ही सवय मी स्वतःला लावून घेतली.

काय नेऊ नये, हे आमच्या भागाला मुद्दाम सांगावं लागतं. खर्रा. सिंगापूरमध्ये चघळायच्या तंबाखूला बंदी आहे. खर्रा, खैनी, गुटखा सगळं त्यात आलं. सुपारीच्या डबीत लपवून न्यायचा विचारही करू नका. साडभाऊंना तीस वर्षांची सवय. नागपूरच्या विमानतळावर पुड्या टाकून दिल्या आणि लवंग-बडीशेपेवर त्यांनी ते दिवस काढले. पहिले दोन दिवस चिडचिड झाली, पण केलं त्यांनी. दुसरी गोष्ट खसखस. सिंगापूरला ती विनापरवानगी नेता येत नाही, अमली पदार्थाच्या कायद्यात अडकते. अनारशांवर खसखस असते. आमच्या सौ.नं सुनेसाठी केलेले अनारसे मी निघायच्या आदल्या रात्री डब्यातून काढले तेव्हा घरात बोलणं झालं, पण काढले.

जहाजावरून खाली येतानाही खाण्याचा नियम आहे. नाश्त्याच्या टेबलावरची केळी, संत्री, उकडलेली अंडी, पुऱ्या रुमालात बांधून नेता येत नाहीत. फळांतून कीड आणि रोग दुसऱ्या देशात जाऊ नयेत म्हणून हा नियम आहे, आणि संत्र्यावर कोळशी आली की बाग कशी काळी पडते हे पाहिलेल्या आपल्या लोकांना तो पटायला अवघड जाऊ नये. बंद पाकिटातली बिस्किटं सहसा चालतात. पाण्याची बाटली भरून घ्या.

उन्हाविषयीही बोललं पाहिजे. आपण मे महिन्यात पंचेचाळीस अंश पाहतो, म्हणून वाटतं की पेनांगचं बत्तीस-तेहतीस काय लागणार. मलाही असंच वाटलं. आपल्याकडची हवा कोरडी. घाम आला की वाळतो आणि वाळताना अंग गार करतो. तिथली हवा ओली. घाम अंगावरच राहतो, शर्ट पाठीला चिकटतो, अंग आतून तापत जातं आणि माणसाला कळतही नाही. आमच्या सौ. दुपारी तीनच्या सुमारास एका पायरीवर बसल्या त्या उठेचनात. मीठ-साखरेचं पाणी पाजलं, अर्धा तास सावलीत बसवलं, मग बरं वाटलं. ओआरएसची चार पाकिटं जवळ ठेवा. सुती कपडे, टोपी किंवा डोक्यावर पदर, आणि दर तासाला दहा मिनिटं बसणं. शेड्यूलमध्ये हा बसण्याचा वेळसुद्धा धरायचा.

पेनांगचा दिवस मात्र सोन्यासारखा गेला. धक्क्याच्या दाराबाहेर टॅक्सीवाले घेरतात, आपल्या बसस्थानकाबाहेर ऑटोवाले घेरतात तसेच. हसून नाही म्हणायचं आणि चालत राहायचं. दोन-तीन मिनिटांवर एक उंच पांढरा मनोरा दिसतो, व्हिक्टोरिया राणीच्या नावाचा घड्याळाचा. तो साठ फूट उंच आहे; राणीच्या राज्याची साठ वर्षं, वर्षाला एक फूट. मी चौघांना तिथं उभं केलं आणि सांगितलं, ‘चुकलो तर इथं यायचं, दुसरीकडं शोधत फिरायचं नाही.’ कोणत्याही बंदरात उतरल्या उतरल्या ही एक खूण पक्की करा. ती उंच हवी, एकच हवी आणि धक्क्याजवळ हवी.

बाजूलाच कॉर्नवालिस किल्ला आहे. तिथून लिट्ल इंडिया पायी पंधरा मिनिटांत. क्वीन स्ट्रीटवर मारिअम्मनचं देऊळ आहे, १८३३ चं. चपला बाहेर काढून आत गेलो, घंटेचा आवाज, कापराचा वास, आणि आमच्या सौ.च्या डोळ्यांत पाणी आलं. घरापासून इतक्या दूर देवीपुढं उभं राहायला मिळेल असं तिला वाटलं नव्हतं. मग केळीच्या पानावर भात-सांबार जेवलो. वाढणाऱ्या बाईला तमिळ येत होतं, हिला वऱ्हाडी. ‘आणखी वाढ वं माय’ म्हटलं, तिनं वाढलं.

मला तिथली बस पाहायची होती, ते तर खरंच. जॉर्ज टाऊनच्या जुन्या भागात एक फुकट बस फिरते. तिच्यात बसून एक चक्कर मारली, पण परतीसाठी तिच्यावर भिस्त ठेवली नाही. फेरी किती वेळानं येते याचा आपल्याला अनुभव नसतो. पेनांग हिलची दोरानं ओढली जाणारी रेल्वे सगळे सांगतात, पण वर जायला आणि खाली यायला दोन्हीकडं रांग लागते. रांगेचा वेळ आपल्या हातात नाही, म्हणून ती सोडली. टॅक्सी लागलीच तर ग्रॅबच्या अ‍ॅपवरून बोलवावी. भाडं आधीच दिसतं, घासाघीस नाही. तिन्ही देशांत ते चालतं. स्थानिक सुट्टे पैसे थोडे जवळ हवेत. आपलं फोनपे सगळीकडं चालेल असं धरून चालू नका.

फुकेतला प्रकार वेगळा. आमचं जहाज किनाऱ्याला लागलं नाही, पातोंगच्या खाडीत नांगर टाकून उभं राहिलं आणि छोट्या बोटींनी लोकांना नेलं. या बोटीला टेंडर म्हणतात. पत्रकात ‘टेंडर’ वाचून आपल्याकडचे लोक निविदा समजतात. आधी कंपनीच्या सहलीवाल्यांना नेतात, मग आपापलं जाणाऱ्यांना नंबरानं. सकाळी लवकर जाऊन नंबर घ्यायचा. बोट हलत असते. खलाशी हात देतो तेव्हा त्याचं मनगट घट्ट धरायचं आणि तो ‘आता’ म्हणेल तेव्हाच पाय टाकायचा. गुडघे दुखणाऱ्यांनी नीट विचार करावा. लाट जास्त असेल तर बोटी बंद करतात आणि बंदर रद्दही होऊ शकतं. म्हणून बाहेरच्या गाइडला सगळे पैसे आगाऊ देऊ नका. समुद्रात उतरायचं तर आधी झेंडा पाहा. लाल झेंडा असला तर पाण्यात जायचं नाही, पाणी कितीही शांत दिसो. आणि थायलंडमध्ये राजाच्या चित्राचा अपमान हा मोठा गुन्हा आहे. नोटेवरही राजा असतो; वाऱ्यानं उडणारी नोट पायानं दाबू नका.

आता ती गोष्ट. पावणेचारला मंडपापाशी जमायचं ठरलं होतं. आम्ही दोघं किनाऱ्यावर बसलो, साडभाऊ आणि मेव्हणी बाजारात गेले. रोमिंगचं पॅक एकट्या माझ्या फोनला घेतलं होतं, पैसे वाचवायला. ती चूक माझी. चार वाजले, ते नाहीत. चार वाजून दहा मिनिटं, नाहीत. मी सौ.ला म्हटलं, ‘तू रांगेत लाग, बोट आली तर बसून जा, माझी वाट पाहू नको.’ मंडपातल्या जहाजाच्या माणसाला दोघांची नावं सांगून ठेवली. आणि फक्त त्या एका रस्त्यावर गेलो ज्यावर ते गेले होते. गल्ल्यांत शिरलो नाही. नारळपाण्याच्या गाड्यापाशी दोघं उभे होते, निवांत.

‘भाऊ, चला लवकर!’

‘काहून? आता तं साडेतीन बी नाही वाजले. पावणेचारचं ठरलं नं आपलं?’

मी घड्याळ पुढं केलं. त्यावर चार पंचवीस. त्यांनी मोबाइल पाहिला, मग माझं घड्याळ पाहिलं, आणि त्यांचा चेहरा बदलला. मेव्हणीनं तर पिशव्या तिथंच ठेवल्या असत्या. चार चाळीसला रांगेत लागलो, शेवटून दुसऱ्या बोटीत जागा मिळाली. साडभाऊ बोटीत एक शब्द बोलले नाहीत. मी त्यांना काही म्हटलं नाही. जहाजाची वेळ मी चौघांना तोंडानं सांगितली होती, पण त्यांच्या मोबाइलवर ती लागली आहे की नाही हे पाहिलं नव्हतं. डेपोत मी वाहकाचं घड्याळ माझ्या घड्याळाशी मिळवल्याशिवाय गाडी सोडत नसे. इथं सोडली.

तेव्हा गटानं फिरणाऱ्यांसाठी आमचा नियम आता असा झाला आहे. उतरण्याआधी सगळ्यांची घड्याळं एकमेकांशी मिळवायची. दर जोडीत एका फोनला पॅक. जमायच्या वेळेनंतर पंधरा मिनिटं थांबायचं, मग एकानंच शोधायला जायचं, तेही ठरलेल्या रस्त्यावर आणि ठरलेल्या वेळेपर्यंतच. बाकीच्यांनी जहाजावर चढायचं. हे ऐकायला निर्दय वाटतं. पण दोघांना शोधायला सहा जण विखुरले तर आठ जण मागं राहतात, आणि जहाजावर पोचलेला माणूस मागं राहिलेल्याची जास्त मदत करू शकतो. तो पासपोर्ट, औषधं काढून द्यायला सांगू शकतो.

मुंबईहून जाणाऱ्या आपल्या देशातल्या क्रूझला व्हिसा-पासपोर्टची कटकट नाही, पण वेळेचं गणित तेच. गोव्याला जहाज मुरगाव बंदरात लागतं. जुन्या गोव्याची चर्चं तिथून तीसेक किलोमीटरवर आहेत, टॅक्सीचे परतीचे पैसे आधी बोलून घ्या. कोचीला मट्टानचेरीचं १५६८ चं ज्यूंचं प्रार्थनास्थळ शनिवारी बंद असतं, तेव्हा वार पाहून जा. लक्षद्वीपला छोट्या बोटींनीच उतरावं लागतं. तिथून प्रवाळाचा तुकडा नातवासाठी उचलून आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो संरक्षित आहे, मेलेला असला तरी.

परत चढताना पिशव्या यंत्रातून जातात. सुरी, कातर, दारूची बाटली काढून ठेवतात. दारू बहुतेक वेळा शेवटच्या दिवशी परत देतात. शेवटच्या अर्ध्या तासात इथंही रांग असते.

आणि समजा, सगळं करूनही जहाज सुटलं. धक्का सोडून जाऊ नका. बंदराच्या सुरक्षारक्षकाला जहाजाचं कार्ड दाखवा आणि एजंटला बोलवायला सांगा. चिठ्ठीवरचा नंबर लावा. कार्ड परत स्कॅन न झालेले प्रवासी जहाजाला कळलेले असतात, आणि पुष्कळदा खोलीतला किंवा कंपनीकडचा पासपोर्ट एजंटपाशी ठेवून जहाज निघतं. तो आधी ताब्यात घ्या. मग एजंटबरोबर इमिग्रेशनच्या कार्यालयात जा, कारण तुम्ही त्या देशात जहाजाचे प्रवासी म्हणून शिरलेले असता आणि आता विमानानं बाहेर पडणार असता. ती नोंद बदलून घ्यावी लागते. पुढच्या बंदराचा व्हिसा तुमच्याकडं आहे का, हे तिकीट काढण्याआधी पाहा. नसेल तर पुढचं बंदर गाठण्यापेक्षा सरळ भारतात परतणं सोपं जातं. खर्च सगळा आपला. प्रवासाचा विमा घेताना ‘जहाज चुकलं तर’ हे कलम त्यात आहे का ते पाहिलं असेल तर पावत्या सांभाळून ठेवा, टॅक्सीचीसुद्धा. पासपोर्टच हरवला असेल तर भारतीय दूतावासाचा नंबर लागेल. तोही चिठ्ठीच्या मागच्या बाजूला आधीच लिहून ठेवायचा, आणि घरी मुलाच्या फोनवर त्या चिठ्ठीचा फोटो पाठवून मगच जहाजाची शिडी उतरायची.